धावपट्टीवरची गाय: लहान विमानाची टक्कर खरी कुठे ठरते?

राइट बंधूंचं पहिलं उड्डाण १९०३ सालचं, किटी हॉकच्या वाळूतलं. पण विमान हवेत वळवायचं कसं, परत त्याच जागी आणून उतरवायचं कसं, हे ते पुढच्या दोन वर्षांत शिकले, आणि तेही एका कुरणात. अमेरिकेतल्या डेटन शहराजवळचं हे हफमन प्रेअरी. कुरणाचे मालक टॉरन्स हफमन बँकेचे अध्यक्ष होते. त्यांनी भाडं घेतलं नाही. अट एवढीच घातली, की उडण्याआधी कुरणातल्या गायी आणि घोडे हाकून बाजूला काढायचे. विमानाचा नियमित सराव जिथे सुरू झाला, तिथला पहिला नियम गुरांबद्दलचा होता.

त्याला एकशेवीस वर्षं होऊन गेली. मोठ्या विमानतळांनी हा प्रश्न उंच कुंपणं, गस्तीच्या गाड्या आणि पगारी माणसं ठेवून बऱ्यापैकी सोडवला. लहान हवाईपट्ट्यांवर तो जवळजवळ जसाच्या तसा आहे. गवताची किंवा मुरमाची एक लांब पट्टी, वारा दाखवणारी कापडी नळी, कमरेएवढं तारेचं कुंपण, ते नसलं तर तेही नाही. नियंत्रण मनोरा नाही, अग्निशमन दल नाही, बहुतेक वेळा माणूसच नाही. शेतातल्या, खाणीजवळच्या, बेटांवरच्या, अभयारण्याजवळच्या अशा हजारो पट्ट्यांवर चार-सहा आसनी विमानं रोज उतरतात. कोणी टपाल आणतं, कोणी डॉक्टर, कोणी पर्यटक.

अशा ठिकाणी अपघात झाला की लोक पहिला प्रश्न विचारतात: एवढी मोठी गाय वैमानिकाला दिसली कशी नाही? माझ्या मते प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जातो. गाय दिसते तेव्हा वैमानिकाच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं. टक्कर होणार की नाही हे बहुतेक वेळा त्याच्या बरंच आधी, जमिनीवर ठरून गेलेलं असतं. पट्टीजवळ चारा किती आहे, फाटक कोणी उघडं टाकलं, विमान येतंय हे गुरांच्या मालकाला कोणी कळवलं का, अशा साध्या गोष्टींवर ते ठरतं. हे का, ते नीट कळायला आधी गुरांच्या बाजूने पाहावं लागेल.

गुरांना हवाईपट्टी का आवडते

कोरड्या मुलखात डांबरी पट्टीवर पडलेला पाऊस मुरत नाही, तो दोन्ही कडांना वाहून जातो. म्हणून आजूबाजूचं रान करपलेलं असलं तरी धावपट्टीच्या काठाने हिरवी रेघ टिकून राहते. गवताची पट्टी असेल तर ती वरचेवर कापावी लागते, आणि कापलेल्या गवताला फुटलेला कोवळा कोंब चरणाऱ्या जनावराला सगळ्यात प्रिय. रात्री डांबर आणि मुरूम हळूहळू थंड होतात, त्यामुळे थंडीत बसायला ती उबदार जागा. पावसाळ्यात पट्टी थोडी उंचावर आणि निचऱ्याची असते, म्हणून कोरडी जागाही तीच. मोकळ्यावर वारा असतो, तिथे माश्या कमी. शिवाय चारी बाजूंचं दिसत असल्याने शिकारी प्राण्याचीही भीती कमी. चरायला, रवंथ करायला आणि झोपायला याहून चांगली जागा मुद्दाम शोधूनही सापडणार नाही.

अनेक शेतांत तर गुरं पट्टीवर चुकून येत नाहीत, त्यांना तिथे सोडलेलंच असतं. गवत कापायचा खर्च वाचवायचा सोपा उपाय म्हणजे मेंढ्या. ब्रिटनमधल्या कित्येक शेतपट्ट्या अशाच राखल्या जातात: उड्डाण नसताना मेंढ्या चरतात, विमान येणार असेल तेव्हा त्या हलवतात. व्यवस्था वाईट नाही. मात्र ती पूर्णपणे एका निरोपावर चालते, आणि निरोप चुकला की मेंढ्या पट्टीवरच राहतात.

‘आवाजाने गुरं पळतील’ ही समजूत मला सगळ्यात धोकादायक वाटते. जनावर रोजच्या आवाजाला सरावतं. महामार्गाच्या कडेला निवांत चरणारी गुरं आपण सगळ्यांनीच पाहिलेली आहेत. त्यात उतरणारं विमान वाटतं तेवढा आवाज करत नाही. शेवटच्या टप्प्यात इंजिनाची शक्ती जवळजवळ काढून घेतलेली असते, विमान बरंचसं घरंगळत खाली येतं. वर वाऱ्याचा हिशेब आहे. विमानं शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उतरतात, म्हणजे पट्टीवरच्या जनावरापर्यंत पोहोचायला आवाजाला वारा कापत जावं लागतं. वाऱ्याविरुद्ध जाणारा आवाज वरच्या बाजूला वळतो आणि जमिनीवर क्षीण ऐकू येतो. जवळ आलेलं विमान जनावराला ऐकू येतं तेव्हा ते खरोखरच फार जवळ आलेलं असतं.

ऐकू आल्यानंतर ते काय करतं? गायीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. तिला जवळजवळ सभोवताली, तीनशेहून अधिक अंशांत दिसतं; पाठीमागचा एक पट्टा तेवढा सुटतो. पण अंतराचा अंदाज दोन्ही डोळ्यांनी मिळून दिसणाऱ्या पुढच्या अरुंद भागातच नीट येतो. म्हणून अनोळखी वस्तू दिसली की गाय आधी थांबते, तोंड तिकडे वळवते, मान खाली घालते आणि पाहत राहते. सरळ अंगावर येणारी वस्तू आडवी सरकत नाही, फक्त मोठी होत जाते, त्यामुळे तिचा वेग कळणं आणखी कठीण. प्रत्येक जनावराभोवती एक अंतर असतं. त्याच्या आत कोणी आलं की ते हलतं, बाहेर असेल तोवर नुसतं बघतं. चालत येणारा गुराखी ते अंतर ओलांडतो तेव्हा गायीला बाजूला व्हायला पुरेसा वेळ असतो. विमान तेच अंतर सेकंदभरात संपवतं.

शिवाय गुरं कळपाने वागतात. एक गाय पट्टी ओलांडून गेली आणि वैमानिकाने सुटकेचा श्वास सोडला, तर बाकीच्या तिच्या मागे निघणार हे तो विसरलेला असतो. वासरू एका बाजूला आणि आई दुसऱ्या बाजूला असेल, तर विमानाच्या आवाजाने वासरू नेमकं पट्टीच्या मधूनच आईकडे धावतं. मेंढ्यांचं तर विचारूच नका.

आता आकडे

उदाहरण म्हणून सेस्ना १७२ घेऊ. १९५६ पासून ४४ हजारांहून अधिक तयार झालेलं हे चार आसनी विमान जगात सगळ्यात जास्त संख्येने बनलेलं आहे, त्यामुळे इथले आकडे प्रातिनिधिक मानायला हरकत नाही.

भरलेलं वजन सुमारे १,१०० किलो. उतरताना शेवटच्या टप्प्यातला वेग साधारण ६० नॉट, म्हणजे ताशी ११० किलोमीटर, सेकंदाला ३१ मीटर. समजा पट्टी २० मीटर रुंद आहे आणि कडेला उभी असलेली गाय दुडक्या चालीने मध्याकडे निघाली. सेकंदाला तीन मीटर धरले तरी तीन-साडेतीन सेकंदांत ती मध्यरेषेवर पोहोचते. तेवढ्यात विमान शंभर मीटर पुढे आलेलं असतं. दिसणं, समजणं आणि हात हलणं यात दोन सेकंद सहज जातात, म्हणजे त्यातले साठ मीटर नुसते विचारात. कोरड्या, सपाट, डांबरी पट्टीवर चाकं टेकल्यापासून थांबेपर्यंत या विमानाला पावणेदोनशे मीटरच्या आसपास अंतर लागतं. ओल्या गवतावर ब्रेक दाबले की चाकं घसरतात आणि हे अंतर बरंच वाढतं. आता बाजूने काढायचा विचार करा. पंखांची लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११ मीटर. २० मीटरच्या पट्टीत दोन्हीकडे साडेचार मीटर शिल्लक राहतात. गाय मध्ये असेल तर वाट नाहीच.

ऊर्जेचा हिशेबही बघू. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ताशी ११० च्या विमानात, ताशी ५० ने जाणाऱ्या तेवढ्याच वजनाच्या मोटारीच्या जवळपास पाचपट ऊर्जा असते. पाचशे किलोच्या गायीवर ते सरळ आदळलं आणि दोघं मिळून पुढे ढकलली गेली असं ढोबळ गणित मांडलं, तर विमानाचा वेग एका क्षणात ताशी ३५ किलोमीटरने कमी होतो. मोटारीत हा झटका सहन करायला पुढे जाडजूड सांगाडा आणि मुद्दाम चुरगळणारा भाग असतो. लहान विमान हलकं राहावं म्हणून पातळ ॲल्युमिनियमचं केलेलं असतं. ते हवेचा दाब पेलायला बनवलेलं, गाय पेलायला नव्हे.

त्यातही टक्कर कुठे होते याला फार महत्त्व आहे. सेस्ना १७२ च्या प्रोपेलरचं खालचं टोक जमिनीपासून जेमतेम २८-३० सेंटीमीटरवर असतं आणि प्रोपेलरचा व्यास १.९ मीटरच्या आसपास. मेंढीची पाठ, वासराची पाठ, गायीची पाठ, सगळं या फिरत्या वर्तुळातच येतं. उड्डाणाच्या वेळी मिनिटाला २,४०० फेरे धरले तर पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला २४० मीटरच्या घरात जातो. जनावराचं काय होतं ते सांगायची गरज नाही. पाती वाकतात किंवा त्यांचे तुकडे उडतात, आणि तो धक्का थेट इंजिनाच्या क्रँकशाफ्टपर्यंत पोहोचतो.

पुढचं चाक हा दुसरा कमकुवत दुवा. ते इंजिन आणि कॅबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीच्या आधाराने बसवलेलं असतं. साठ-सत्तर किलोची मेंढीसुद्धा त्याला आडवी लागली तर ते मागे दुमडतं, नाक खाली जातं, प्रोपेलर जमिनीत घुसतो आणि ती पत्र्याची भिंत चेपते. म्हणून ‘मेंढी तर आहे’ असं म्हणून चालत नाही. पंख वर असलेल्या विमानाचा पंख गायीच्या पाठीवरून निघून जाऊ शकतो, पण त्याला आधार देणारी तिरकी दांडी सापडते. पंख खाली असलेल्या विमानात पंखाची पुढची कडच गायीच्या पोटाला लागते. बहुतेक लहान विमानांत इंधन पंखातच असतं, त्यामुळे पंख फाटला की आगीची भीती. आणि टक्कर पंखाच्या टोकाजवळ झाली, तर विमान त्या टोकाभोवती गरकन फिरतं आणि आडवं होऊन पट्टीबाहेर जातं.

कधी नुकसान डोळ्यांना दिसतं तिथे नसतंच. २००१ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात ट्रॉय इथे एक लिअरजेट उतरताना दोन हरणांना धडकलं. हे विमान आपल्या विषयापेक्षा मोठं आणि जेट असलेलं, हरणंही पाळीव नव्हेत. पण तपासात निघालेली गोष्ट सगळ्यांनाच लागू आहे. विमान जमिनीवर आहे की हवेत हे यंत्रणांना सांगणारी जोडणी चाकांच्या पायापाशी असते. हरणांच्या धडकेने तिचीच मोडतोड झाली. विमान हवेत आहे असं समजून यंत्रणेने इंजिनांचा उलटा जोर बंद केला आणि ती पुढच्या दिशेने रेटू लागली. वैमानिक थांबवायचा प्रयत्न करत होते आणि विमान पट्टी संपवून पुढे गेलं, पेटलं. दोघेही वैमानिक जबर जखमी झाले, पण वाचले. लहान विमानात एवढी गुंतागुंत नसते, मात्र ब्रेकच्या तेलाची नळी चाकाच्या दांडीलगतच उघडी असते. ती एका बाजूची तुटली की त्या बाजूचा ब्रेक गेला, आणि राहिलेला दाबला की विमान वळतं.

‘दिसलं कसं नाही’चं उत्तर

उतरताना शेवटच्या क्षणी विमानाचं नाक वर उचललेलं असतं, त्यामुळे समोरची पट्टी बरीचशी नाकाआड जाते. शेपटीखाली चाक असलेल्या जुन्या धाटणीच्या विमानांत तर जमिनीवर धावतानाही सरळ समोरचं दिसत नाही. संध्याकाळी काळं किंवा तपकिरी जनावर डांबरावर, मातीवर विरघळून जातं. गुरांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे रात्री दिव्याच्या झोतात डोळे चमकतात. पण जनावर आपल्याकडे पाहत असेल तरच. पाठमोरी बसलेली काळी गाय अंधाराचाच भाग असते. आणि दुपारच्या उन्हात गुरं पट्टीच्या काठच्या झाडांच्या सावलीत असतात, तिथून ती बाहेर येईपर्यंत वरून कोणाला दिसणार?

आधी एकदा पट्टीवरून उडून बघणं

लहान पट्ट्यांवर उतरणाऱ्या वैमानिकांची जुनी रीत आहे: थेट उतरायचं नाही, आधी पट्टीच्या शेजारून खालून एक फेरी मारायची. वैमानिक डाव्या आसनावर बसतो, म्हणून विमान पट्टीच्या थोडं उजवीकडून न्यायचं, म्हणजे पट्टी त्याच्या खिडकीखाली राहते. पहिली फेरी पाचशे फुटांच्या आसपास, शंका वाटली तर दुसरी आणखी खालून. जनावरं, खड्डे, ताण दिलेली तार, वाऱ्याची दिशा हे सगळं त्यात दिसून जातं.

रीत चांगली आहे, पण तिच्यावर जितका भरवसा ठेवला जातो तितक्या भरवशाची नाही. फेरी मारून वळून परत उतरायला चार-पाच मिनिटं जातात, आणि त्या फेरीने बुजलेली गुरं नेमकी तेवढ्या वेळात परत फिरतात. गुरं भित्री असतात तशीच चौकसही असतात; काय गेलं ते बघायला येतात. काही वैमानिक मग विमानानेच गुरं हाकायला जातात. हा मूर्खपणा आहे, दुसरा शब्द नाही. ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या अफाट कुरणांवर हेलिकॉप्टरने गुरं वळवतात हे खरं, पण तो वेगळा धंदा आहे, त्याचं वेगळं शिक्षण असतं. लहान विमानात कमी उंचीवर, कमी वेगात, नजर गुरांवर ठेवून तीव्र वळण घेतलं की पंखांची उचल संपते, आणि सावरायला खाली जागा नसते.

काही पट्ट्यांवर तर परत फिरण्याची सोयच नसते. नेपाळ आणि पापुआ न्यू गिनीच्या डोंगरांत अशा पट्ट्या आहेत ज्यांचं एक टोक दरीत आणि दुसरं डोंगराच्या भिंतीत. नेपाळमधल्या लुक्लाची धावपट्टी ५२७ मीटर लांब आहे आणि तिला ११ टक्क्यांहून अधिक चढ आहे. तिथे चढाकडे तोंड करूनच उतरायचं. एका ठरावीक बिंदूनंतर उतरणं सोडून वर जायला जागा उरत नाही. अशा ठिकाणी गाय आडवी आली तर काय, याला वैमानिकापाशी उत्तर नाही. म्हणून नेपाळच्या दुर्गम पट्ट्यांवर विमान येण्याआधी भोंगा वाजवतात, आणि माणसं व जनावरं पट्टीवरून हटवली जातात. पापुआ न्यू गिनीत पट्टीवर चरणारी डुकरं आणि धावणारी मुलं, दोन्ही सांभाळायला खाली ओळखीचा माणूस लागतो.

खाली एक माणूस

इथे मला सगळ्यात जास्त जोर द्यायचा आहे. या प्रश्नावर जगात जी उत्तरं खरोखर चालली, त्यांत यंत्रसामग्री फार कमी आणि माणूस जास्त आहे.

दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांवर १९४८ पासून सरकारी हवाई सेवा आहे. आज तिथे दहा-एक आसनी आयलँडर विमानं वस्त्यावस्त्यांवरच्या गवताच्या पट्ट्यांवर उतरतात. बेटांवर माणसांपेक्षा मेंढ्या कितीतरी पट. विमान यायचं असलं की त्या त्या वस्तीवरचा शेतकरीच आपली गाडी आणि आगीचं सामान घेऊन पट्टीवर हजर राहतो आणि पट्टी मोकळी आहे ना ते बघतो. म्हणजे मेंढ्यांचा मालक आणि पट्टीचा राखणदार एकच. मला यात मोठं शहाणपण दिसतं, कारण कुठलं फाटक उघडं आहे हे त्याला विचारावं लागत नाही.

ऑस्ट्रेलियात १९२८ साली क्लॉनकरीहून पहिल्या ‘उडत्या डॉक्टर’चं विमान निघालं. तेव्हापासून ही सेवा गुरांच्या प्रचंड मोठ्या कुरणांवरच्या पट्ट्यांवर उतरत आली आहे, अनेकदा रात्री, कारण आजारपण वेळ बघून येत नाही. पट्टीवर दिवे नसले की टॉयलेट पेपरची गुंडाळी डिझेलमध्ये भिजवून डब्यात ठेवायची आणि पेटवून पट्टीच्या कडेने रांग लावायची, ही तिथली प्रसिद्ध युक्ती. पण दिव्यांइतकंच महत्त्वाचं दुसरं काम असतं: विमान उतरण्याच्या थोडं आधी कोणीतरी गाडी घेऊन पट्टीवर एक खेप मारायची, गुरं आणि कांगारू हुसकवायचे आणि रेडिओवर तसं कळवायचं. आफ्रिकेतल्या अभयारण्यांजवळच्या पट्ट्यांवर लॉजची जीप हेच करते, फक्त तिथे गुरांऐवजी झेब्रे आणि रानडुकरं असतात.

ही खेप मारण्यातही कसब आहे. नुसतं मध्यरेषेवरून भरधाव जाऊन परत येणं म्हणजे समाधान करून घेणं. कडेने जायचं, एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने, चर आणि झुडपं बघत. जनावरं सगळी एकाच बाजूला काढायची, अर्धी इकडे अर्धी तिकडे नाही. कळप तुटला की तो परत एकत्र यायला पट्टीच ओलांडतो. खेप विमान उतरण्याच्या शेवटच्या काही मिनिटांत हवी. अर्ध्या तासापूर्वी मोकळी केलेली पट्टी ही मोकळी पट्टी नव्हे. आणि गाडी तिथेच, पट्टीबाहेर, विमान थांबेपर्यंत उभी ठेवायची.

विमान परत निघताना ही खेप सगळेच विसरतात. उतरताना पट्टी मोकळी होती, सामान उतरवलं, दोन गोष्टी झाल्या, पाऊण तास गेला, आणि वैमानिक थेट उड्डाणाला लागतो. लांबच्या टोकाकडे विमान जमिनीवरून चालवत नेताना ते पट्टीवरूनच न्यावं. तीच पाहणी होते.

कुंपण लावलं की झालं?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १४ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे, की विमानांना धोका होईल एवढी मोठी जनावरं आत येऊ नयेत म्हणून विमानतळाला कुंपण किंवा तसा अडथळा हवा. पण हा नियम सार्वजनिक वापराच्या विमानतळांसाठी. शेतातली खासगी पट्टी त्यात बसत नाही. तिथे देशोदेशी मार्गदर्शक पुस्तिका असतात, ब्रिटनमध्ये विनापरवाना पट्ट्यांसाठी कॅप ७९३ नावाची आहे, आणि शेवटी पट्टी वापरण्यायोग्य आहे की नाही हे वैमानिकानेच बघायचं असतं. अमेरिकेत विमानतळांच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत पट्टीच्या नावापुढे ‘धावपट्टीवर गुरं’ अशी नोंद सापडते. इतकी रोजची गोष्ट.

आणि मोठे विमानतळही पूर्ण सुटलेले नाहीत. ऑगस्ट २०१३ मध्ये इंडोनेशियात गोरोंतालो इथे उतरणारं बोइंग ७३७ गायींना धडकून पट्टीबाहेर गेलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरतला उड्डाणासाठी धावणाऱ्या ७३७ च्या इंजिनाला म्हैस धडकली. दोन्हीकडे प्रवासी वाचले. एवढ्या मोठ्या विमानाचं जे झालं ते चार आसनी विमानात झालं असतं तर, हा विचार करायचा.

कुंपणाची उंची जनावरावर ठरते. गायींना छातीएवढं पुरतं. हरणांसाठी अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने दहा फूट जाळी आणि वर काटेरी तारेचे तीन पदर सुचवले आहेत. पण कुंपणाचा कच्चा दुवा तारेत नसून फाटकात असतो. वाहनांची ये-जा जास्त असेल तिथे फाटकाऐवजी जमिनीत खड्डा करून वर आडवे पाइप टाकतात. गाडी जाते, खुरं अडकतील म्हणून गुरं जात नाहीत. दुसरी गोष्ट, कुंपणाच्या आत एकदा जनावर शिरलं की तेच कुंपण त्याला बाहेर जाऊ देत नाही. ते तारेच्या कडेने धावतं, कोपऱ्यात अडतं आणि परत पट्टीकडे वळतं. आणि तिसरी, वैमानिकांना खरी धास्ती असलेली: पट्टीच्या टोकाला आडवी गेलेली विजेच्या कुंपणाची बारीक तार. मेंढ्यांसाठी दोन दिवस ताणलेली ही तार वरून दिसत नाही. कमी उंचीवरून येणाऱ्या विमानाची चाकं तिच्यात अडकली तर गुरं परवडली असं म्हणायची वेळ येते. ती काढून ठेवावी, किंवा निदान तारेऐवजी पांढरी रुंद फीत वापरावी.

जाता जाता, गुरांचा उपद्रव चालत्या विमानापुरता नाही. कापड चढवलेल्या विमानांचे पंख आणि शेपूट गायी आवडीने चाटतात, चावतातही. धातूच्या विमानाला अंग घासतात. वेग मोजणारी बाहेर आलेली नळी वाकली आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, तर पुढच्या उड्डाणात वेगाचा काटा खोटं बोलतो. उभ्या विमानाभोवतीही कुंपण हवं.

समोर आलीच तर

हवेत असताना दिसली तर उत्तर एकच: पूर्ण शक्ती देऊन वर जायचं. इथे लाज वाटण्यासारखं काही नाही. चाकं टेकल्यावर, वेग अजून भरपूर आणि पुढे पट्टी लांब असेल, तर परत उडता येईल. पण वेग उतरलेला असताना विमान ओढून हवेत नेण्याचा मोह जिवावर बेततो. उचल पुरत नाही, विमान गायीवरून जातं आणि पलीकडे पडतं. वेगात असताना जोरात वळवणंही तसंच. विमान आडवं होऊन पंखावर उलटतं. टक्कर टळत नसेल तर ब्रेक लावत, सरळ, जितक्या कमी वेगाने होईल तितक्या वेगाने होऊ द्यावी. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, तशी ती वर्गानेच उतरते. वेग अर्धा झाला तर मार चौथाई. उड्डाण करताना चाक लागून गेलं आणि विमान उडतच असेल, तर घाईने तिथेच परत उतरू नये. चाकं आत घेता येणारं विमान असेल तर ती आत घेऊ नयेत, आणि लांब पट्टी व अग्निशमन दल असलेल्या ठिकाणी जावं. उतरण्याआधी खालून कोणाकडून तरी चाकं बघून घ्यावीत.

थांबल्यावर इंधन बंद, इंजिनाची ठिणगी बंद, वीज बंद, आणि सगळ्यांनी मागच्या बाजूने लांब जायचं. जखमी जनावराजवळ जाऊ नये. वेदनेतली गाय माणूस ओळखत नाही.

‘फारसं काही झालं नाही’ म्हणून त्याच विमानातून घरी उडत जाणं हा यातला सगळ्यात महागडा निर्णय असतो. लहान विमानांची इंजिनं बनवणाऱ्या लायकमिंगसारख्या कंपन्या प्रोपेलरला असा मार बसल्यावर इंजिन उघडून तपासायला सांगतात, ते बंद पडलं नसलं तरी. क्रँकशाफ्टची चीर बाहेरून दिसत नाही.

भरपाईचं कायद्यावर अवलंबून आहे आणि कायदे सारखे नाहीत. काही ठिकाणी मोकाट जनावराची जबाबदारी मालकाची, तर काही मोकळ्या चराईच्या प्रदेशांत जनावर बाहेर ठेवायचं असेल तर कुंपण जागेच्या मालकाने घालायचं. पट्टीचा मालक, गुरांचा मालक आणि वैमानिक हे तिघे वेगळे असतील तर तिघांनी हे आधीच कागदावर आणलेलं बरं. अमेरिकेत प्राण्यांच्या धडकांची नोंद १९९० पासून ठेवली जाते, पण कळवणं ऐच्छिक आहे, आणि तिचा रोख पक्षी आणि वन्य प्राण्यांवर आहे. जमिनीवरच्या मोठ्या प्राण्यांत हरणं आघाडीवर दिसतात. शेतपट्टीवर मेंढी लागली आणि आपसात मिटलं, तर ते कुठल्या यादीत जाणार?

आणि पट्टी पुन्हा सुरू करण्याआधी मेलेलं जनावर लांब न्यावं लागतं, नुसतं कडेला ओढून चालत नाही. त्यावर गिधाडं, घारी, कुत्री जमतात आणि पुढच्या विमानापुढे नवा धोका उभा राहतो. पात्याचे तुकडे, हाडांचे कपचे वेचायला पट्टी पायी चालावी लागते. पण त्याच्याही आधी ते जनावर आत कुठून आलं ती फट शोधायची आणि तात्पुरती का होईना बुजवायची. बाकीचा कळप अजून तिथेच असतो आणि त्याला ती फट माहीत असते.